एफएल स्टुडिओ: पहिला इंट्रो बसवायला कितपत कामाचा?

डान्स ट्रॅकचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा भाग, बांधायला शिकायचं असेल तर एफएल स्टुडिओ (संगणकावर संगीत रचायचं सॉफ्टवेअर) घ्यावा का? आमच्या मते नक्की घ्यावा. मात्र हे सॉफ्टवेअर चार बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप इतक्या पटकन करून देतं की बहुतेक नवशिक्यांची गाडी तिथेच अडकते. तोच लूप चार वेळा वाजवला म्हणजे इंट्रो झाला, असं होत नाही. इंट्रो घडतो तो प्लेलिस्टमध्ये (तुकडे वेळेनुसार मांडायच्या जागेत), आणि एफएल स्टुडिओची खरी ताकदही तिथेच आहे.

नवा प्रोजेक्ट १३० बीपीएमवर (मिनिटाला १३० ठोके) उघडतो. तो १२८ करून घ्या. हाऊस या डान्स संगीताच्या प्रकाराला हा वेग चालतोच, शिवाय हिशेब सोपा होतो: एक बार १.८७५ सेकंदांचा, १६ बार म्हणजे अर्धा मिनिट, ३२ बार म्हणजे एक मिनिट. डीजेने वाजवावा असा ट्रॅक असेल तर इंट्रो १६ किंवा ३२ बारचा ठेवा आणि सुरुवातीला फक्त किक, हॅट, क्लॅप हे ड्रमचे आवाज. त्या वेळी डीजेकडे आधीचं गाणं अजून चालू असतं. दोन बेस एकमेकांवर आले की आवाज गढूळ होतो आणि वेगळ्या स्केलमधले सूर कानाला खुपतात. नुसत्या ऐकण्याच्या आवृत्तीला ८ बार पुरतात.

पहिली चूक चॅनल रॅकमध्येच (आवाजांच्या यादीत) होते. किक, हॅट, क्लॅप, सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर) सगळं एकाच पॅटर्नमध्ये, म्हणजे ठोक्या-सुरांच्या एकाच तुकड्यात, कोंबलं की त्यांना वेगवेगळ्या बारवर आणता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र पॅटर्न द्या. आधीच एकत्र केलं असेल तर पॅटर्नच्या मेनूत ‘स्प्लिट बाय चॅनल’ आहे. मग प्लेलिस्टमध्ये ऑल्ट-टी दाबून १, ५, ९, १३ आणि १७ व्या बारवर खुणा टाका: १ वर किक, ५ वर हॅट, ९ वर क्लॅप, १३ वर दबलेला सिंथ, १७ वर मुख्य भाग, म्हणजे ड्रॉप. ९ व्या बारपासून हॅट थोडा बदलला आणि आधीचाही बदलला, असं झालं तर घाबरू नका. एकाच पॅटर्नच्या सगळ्या प्रती एकत्रच बदलतात. त्या क्लिपवर ‘मेक युनिक’ करून मगच हात लावा. आणि प्ले दाबल्यावर एकच पॅटर्न फिरत राहिला तर वर पॅट मोड चालू आहे, तो साँग करा.

आता फिल्टर (आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी गाळणारा), कारण इंट्रोची सगळी ओढ त्यातच असते. सिंथचं चॅनल निवडून कंट्रोल-एलने मिक्सरच्या वेगळ्या ट्रॅकवर पाठवा. हे केलं नाही तर चॅनल मास्टरलाच (सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकला) जोडलेलं राहतं, आणि मास्टरवर लावलेला फिल्टर किकलाही दाबून टाकतो. त्या ट्रॅकवर फ्रूटी पॅरामेट्रिक ईक्यू २ हा इक्वलायझर लावून शेवटच्या बँडचा प्रकार लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) करा आणि ३०० हर्ट्झच्या आसपास आणा. प्लेलिस्टमध्ये १३ ते १६ बार निवडून मग फ्रिक्वेन्सीच्या नॉबवर राइट क्लिक करून ऑटोमेशन क्लिप (नॉब आपोआप फिरवणारी रेषा) बनवा. निवड आधी केली की क्लिप नेमकी तेवढ्याच लांबीची येते. शेवटचा बिंदू वर न्या. दोन बिंदूंमधला छोटा गोल खाली ओढला की रेषा वाकते आणि फिल्टर शेवटच्या बारमध्ये झपकन उघडतो. सरळ रेषेपेक्षा हे कितीतरी जिवंत वाटतं.

रायझर (ड्रॉपआधी चढत जाणारा आवाज) विकत घ्यायची गरज नाही. क्रॅश झांजेचं चॅनल क्लोन करून सॅम्पलरमधलं ‘रिव्हर्स’ दाबा आणि तो ऑडिओ क्लिप म्हणून प्लेलिस्टमध्ये ठेवा. जुळवायचा तो शेवट: क्लिपची उजवी कड १७ व्या बारच्या रेषेला टेकली पाहिजे. ऑल्ट धरून ओढलं की स्नॅप (रेषेला आपोआप चिकटणं) आड येत नाही.

एक उणीव मात्र खटकते. नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये मास्टरवर फ्रूटी लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारा) आधीच लावलेला असतो. इंट्रोतच आवाज चढवून ठेवला तर ड्रॉप आल्यावर लिमिटर त्याला दाबतो आणि ड्रॉप इंट्रोइतकाच, कधी त्याहून मऊ ऐकू येतो. नवशिक्याला कारण कळत नाही, तो किक आणखी वाढवतो आणि प्रकरण बिघडतं. काम करताना लिमिटर बंद ठेवा, इंट्रो ड्रॉपपेक्षा ३–४ डेसिबल खाली राहू द्या.

ट्रायलमध्ये सगळं खुलं आहे आणि वेव्ह फाइलही काढता येते, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून ट्रायलवर १६ बारचा इंट्रो एका बैठकीत पूर्ण करून एक्सपोर्ट करा. घ्यायचाच ठरला तर नुसत्या सिंथ-ड्रमच्या कामाला फ्रूटी एडिशन चालेल. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर थेट प्रोड्युसर एडिशन घ्या. पुढचे अपडेट दोन्हींना आयुष्यभर मोफत मिळतात.