नाडकचेरीतला पहाणी उतारा: छपाई झटपट, दुरुस्तीला दमछाक

खानापूर असो, बेळगाव असो की निपाणी, नाडकचेरीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयाच्या, खिडकीवर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सांगितला की पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा, हातात पडते. जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या भूमी योजनेआधी हाच उतारा तलाठ्याच्या दप्तरातून निघायचा, तोही तलाठी गाठ पडला तर. २००१ च्या सुमारास हस्तलिखित पहाणी बंद झाली आणि १५ रुपयांत संगणकाचा उतारा मिळू लागला. आता तो घरबसल्याही काढता येतो. छपाईपुरतं बोलायचं तर नाव ठेवायला जागा नाही.

मात्र कागद फक्त कन्नडमध्ये असतो, आणि तो वाचून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. रकाना ३ मध्ये क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत येतं. १६ आण्यांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. त्यातून खराब, म्हणजे लागवडीत न धरलेलं क्षेत्र, वजा होतो. 'अ' खराब म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन, 'ब' म्हणजे रस्ता-नाल्यासारखी सार्वजनिक. पैसे मोजताना हा 'ब' धरू नका. रकाना ९ मालकाचा, १० मध्ये जमीन कशी आली ते आणि फेरफाराचा एम.आर. नंबर, ११ मध्ये कर्जाचा बोजा नि इतर हक्क. बहुतेक जण ९ पाहूनच घडी घालतात.

या भागात खरा इतिहास १२ व्या रकान्यात आहे, कसणाऱ्याच्या नावाचा. मुंबई राज्याच्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कूळ हाच जमिनीचा खरेदीदार ठरला. किंमत आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. पण १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. म्हैसूर सरकारने ती कलमं इथे स्थगित केली. म्हैसूरचा नवा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, अंमल २ ऑक्टोबर १९६५ पासून, आणि त्यात मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत घ्यायची मुभा होती. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात, १ मार्च १९७४ पासून, कुळांच्या जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या. त्या जमिनीवर कुळाने हक्क मागायचा अर्ज म्हणजे नमुना ७, तो भरायची शेवटची तारीख ३० जून १९७९. म्हणजे चंदगडच्या कुळाला १९५७ मध्ये जो हक्क मिळाला, त्यासाठी शेजारच्या खानापूरच्या कुळाला सतरा वर्षं थांबावं लागलं. तेवढ्यात ज्याच्याकडून कूळहक्क सोडल्याचा राजीनामा लिहून घेतला किंवा ज्याचं नाव १२ मधून गळलं, त्याने कुळांचे अर्ज ठरवणाऱ्या न्यायमंडळापुढे दाखवायचं काय? जुनी बाब तपासायची असेल तर १९७३-७४ च्या आधीच्या हस्तलिखित पहाण्यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा. संगणकाच्या उताऱ्यात त्या दिसणार नाहीत.

आता दुरुस्तीचं. मालक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वंशवेल जोडून वर्दी (नोंदीची खबर) द्यायची. ही पौती, म्हणजे वारसाची नोंद, राहून गेली की पीककर्ज आणि नुकसानभरपाई दोन्ही अडतात. नावाचा घोळ तर पाचवीला पुजलेला. पहाणीत 'परशराम', आधारवर 'परशुराम'. एकीकडे आडनाव आहे, दुसरीकडे नाही. पहाणीची आधारशी जोडणी तिथेच अडते. एका सर्व्हे नंबरात चार भावांची नावं असतील आणि एकाला आपला तुकडा विकायचा असेल, तर आधी ११ ई, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, लागतो. त्यासाठी मोजणीचा अर्ज करावा लागतो, परवानाधारक भूमापक शेतावर येतो, बांध पटले नाहीत की प्रकरण तिथेच बसतं. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढायचे हा भूमीचा नियम चांगला आहे, पण अर्धवट कागदाचा अर्ज रांगेतून बाहेर पडतो तो पडतोच.

२०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ब कलमं काढून टाकली. तोवर बिगरशेतकऱ्याला, किंवा शेतीबाहेरचं उत्पन्न वर्षाला २५ लाखांहून जास्त असलेल्याला, शेतजमीन घेता येत नव्हती. आता पैसेवाला कुणीही घेऊ शकतो. अशा बाजारात स्वच्छ उताऱ्याला पूर्ण भाव येतो. पौती राहिलेला, पोटहिस्सा न झालेला उतारा दलाल पडेल भावात उचलतो आणि वकील-भूमापक लावून स्वतः साफ करून घेतो. ही तफावत खिडकीवर तयार झालेली नाही, पण भरली जाते ती तिथेच.

छपाईला पाचपैकी साडेचार, दुरुस्तीला दोन. विक्रीचा इसार घेण्याआधी पौती आणि ११ ई उरकून घ्या, आणि बोजा फिटला असेल तर सोसायटीचा दाखला देऊन रकाना ११ कोरा झालेला नवा उतारा काढा.