चढ्या यील्डचा शेअर की वाढत्या नफ्याचा? खानदेशातील गुंतवणूकदारासाठी तुलनात्मक आढावा

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकाच्या हाती पैसा कापणीनंतर एकदम येतो, धुळ्यातील निवृत्त शिक्षकाला तो दर महिन्याला लागतो, आणि तरीही शेअर निवडताना दोघेही पहिला प्रश्न एकच विचारतात: "डिव्हिडंड किती देतो?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. लाभांश हा परताव्याचा एक भाग असतो. तो मिळत असताना भागभांडवलाचे काय होत आहे, कर किती जातो आणि हिशेब कोणत्या मापाने केला, हे कळल्याशिवाय दोन शेअरांची तुलना होऊच शकत नाही. येथे ती तुलना दोन ओळखीच्या कंपन्यांच्या आधारे केली आहे. कोल इंडिया हा भरघोस लाभांशासाठी घेतला जाणारा सरकारी शेअर आहे, तर विप्रो ही अमळनेरच्या मातीत सुरू झालेली आणि दीर्घकाळ अत्यल्प लाभांश देणारी कंपनी आहे.

कोल इंडिया: एक शेअर, दोन खरेदीदार

ऑगस्ट २०१५ मध्ये कोल इंडियाचा भाव ४०० रुपयांच्या वर होता. त्या वेळी ज्याने हा शेअर घेतला, त्याला २०१५-१६ ते २०१९-२० या पाच आर्थिक वर्षांसाठी प्रतिशेअर २७.४०, १९.९०, १६.५०, १३.१० आणि १२ रुपये, म्हणजे एकूण जवळपास ८९ रुपये लाभांश मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र भाव १२५ रुपयांच्याही खाली होता. भाव आणि लाभांश एकत्र धरले तरी पाच वर्षांनी मुद्दल साधारण निम्मेच उरले होते. ज्याने हा शेअर बँकेच्या ठेवीला पर्याय म्हणून घेतला असेल, त्याच्या दृष्टीने आणखी गंभीर बाब अशी की उत्पन्नच चार वर्षांत २७.४० वरून १२ रुपयांवर आले. ठेवीचा व्याजदर मुदत संपेपर्यंत बदलत नाही. लाभांशाला असे कोणतेही बंधन नसते.

आता दुसरा खरेदीदार पाहू. त्याने ऑक्टोबर २०२० मध्ये तोच शेअर सुमारे १२० रुपयांना घेतला. २०२३-२४ या एकाच वर्षासाठी त्याला २५.५० रुपये लाभांश मिळाला, म्हणजे खरेदीच्या भावावर २० टक्क्यांहून अधिक, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भाव ५०० च्या पुढे गेला. कंपनी तीच, खाणी त्याच. फरक खरेदीच्या भावाचा होता आणि त्यानंतर कोळशाच्या जागतिक किमतींनी घेतलेल्या वळणाचा. यील्ड म्हणजे वर्षाचा लाभांश भागिले शेअरचा भाव, टक्क्यांत; ते भागाकाराचे उत्तर आहे. लाभांश वाढला तरी ते वाढते आणि भाव कोसळला तरीही ते वाढते, म्हणून १० टक्के यील्ड दिसले की आनंद मानण्याआधी त्या दोन कारणांपैकी कोणते लागू आहे ते शोधावे लागते. खंडाच्या मानाने शेत फारच स्वस्त मिळत असेल तर आपण व्यवहाराआधी विहिरीचे पाणी तपासतो, तशीच ही तपासणी आहे. २०२० मध्ये कोल इंडियाची विहीर आटलेली नव्हती. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते त्या वेळी स्पष्ट दिसत होते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सरकारी कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट निश्चित नोंदवावी लागते. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कंपन्यांनी करोत्तर नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा निव्वळ मत्तेच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या) ४ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तितका लाभांश देणे अपेक्षित आहे. त्यामुळे लाभांश मिळण्याची शक्यता बळकट होते. रक्कम मात्र नफ्याबरोबर वर-खाली होतच राहते.

विप्रो: अमळनेरचा दाखला कुठवर लागू पडतो

विप्रोची स्थापना १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने झाली आणि गावातील अनेक कुटुंबांनी तेव्हापासून तिचे शेअर जपले. जळगाव जिल्ह्यात शेअरबाजाराचा विषय निघाला की हे उदाहरण हटकून दिले जाते, म्हणून ते आकड्यांनी तपासणे आवश्यक आहे.

ज्याच्याकडे २००४ च्या बोनसपूर्वी १०० शेअर होते, त्याचे त्या वर्षीच्या एकास दोन बोनसने (म्हणजे एका शेअरमागे दोन नवे मोफत शेअर मिळून) ३०० झाले, २००५ मध्ये ६००, २०१० मध्ये तिनास दोन या प्रमाणात १,०००, २०१७ मध्ये २,०००, २०१९ मध्ये तिनास एक या प्रमाणात २,६६६ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ५,३३२. या काळात त्याने स्वतःच्या खिशातून एक रुपयाही टाकला नाही. २०२३-२४ मध्ये विप्रोने प्रतिशेअर फक्त १ रुपया लाभांश दिला. त्या वेळच्या भावावर हे यील्ड पाव टक्क्याहूनही कमी होते, म्हणजे यील्डच्या यादीत हा शेअर तळाशी गेला असता. पण ज्याचे १०० चे २,६६६ झाले होते, त्याला त्या एका रुपयातूनही २,६६६ रुपये मिळाले. शिवाय कंपनीने २०२३ मध्ये १२,००० कोटी रुपयांचे शेअर ४४५ रुपये भावाने परत विकत घेतले. पुनर्खरेदीतून भागधारकांकडे गेलेला हा पैसा यील्डच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने धोरण बदलून निव्वळ नफ्याचा ७० टक्के किंवा अधिक भाग भागधारकांना देण्याचे जाहीर केले, त्यामुळे आजचा विप्रो कालच्या विप्रोपेक्षा लाभांशाच्या गटाकडे सरकला आहे.

मात्र बोनसने संपत्ती निर्माण होत नाही, हे या कथेत बहुतेक वेळा सांगायचे राहून जाते. शेअरांची संख्या दुप्पट झाली की भाव निम्म्यावर येतो. अमळनेरकरांना श्रीमंत केले ते नफ्याच्या दीर्घ वाढीने आणि शेअर न विकण्याच्या संयमाने. २००० च्या सुरुवातीला माहिती-तंत्रज्ञानाच्या लाटेत शिखरावरच्या भावाने विप्रो घेणाऱ्याला त्याच कंपनीत आपला भाव पुन्हा दिसायला अनेक वर्षे थांबावे लागले. गावाशी असलेले नाते हा निवडीचा निकष होऊ शकत नाही, हेही येथेच म्हटले पाहिजे. जळगावची जैन इरिगेशन ही खानदेशाला अभिमान वाटावा अशी कंपनी आहे, तरी २०१९ नंतर तिला कर्जाच्या ताणातून आणि पुनर्रचनेतून जावे लागले.

टक्केवारीचे दोन सापळे

"२,००० टक्के लाभांश जाहीर" अशी बातमी येते तेव्हा ती टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर असते, बाजारभावावर नव्हे. टायर बनवणाऱ्या एमआरएफने २०२३-२४ साठी १० रुपये दर्शनी किमतीवर एकूण २०० रुपये दिले, ते बरोबर २,००० टक्के होतात. शेअरचा भाव मात्र लाखाच्या वर होता, म्हणून प्रत्यक्ष यील्ड ०.२० टक्क्यांच्याही आत राहिले.

दुसरा सापळा नफ्यापेक्षा जास्त वाटपाचा. खाण व धातू उद्योगातील वेदांता कंपनीने २०२२-२३ मध्ये प्रतिशेअर १०१.५० रुपये दिले, जे त्या वर्षीच्या नफ्यापेक्षा जास्त होते. त्याच वर्षात भाव सुमारे ४०० वरून २७५ च्या आसपास आला, म्हणजे मिळालेला लाभांश घसरणीने पुरता खाल्ला. माझ्या मते ज्या कंपनीचा लाभांश तिच्या प्रतिशेअर नफ्याच्या ८० टक्क्यांहून अधिक आहे, तिची मागील पाच वर्षांची रोख आवक आणि कर्ज पाहिल्याखेरीज खरेदीचा विचारही करू नये.

परतावा मोजायचा कसा

येथे बहुतेकांचा हिशेब घसरतो, आणि खानदेशात तर तो घसरण्याचे खास कारण आहे. कापूस विकला की काही रक्कम, केळी निघाली की काही रक्कम, अशी गुंतवणूक वेगवेगळ्या तारखांना होते. एकरकमी गुंतवणुकीला सीएजीआर, म्हणजे चक्रवाढ पद्धतीने काढलेला वार्षिक वाढीचा दर, पुरतो. वेगवेगळ्या तारखांच्या रकमांना एक्सआयआरआरच लागतो, म्हणजे प्रत्येक रक्कम किती काळ गुंतली होती हे धरून काढलेला वार्षिक परतावा.

उदाहरण छोटे घेऊ. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला ५०,००० रुपये गुंतवले. बरोबर वर्षाने २,००० रुपये लाभांश मिळाला आणि त्याच दिवशी आणखी ५०,००० टाकले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ४,००० रुपये लाभांश मिळाला आणि शेअरांचे मूल्य १,१०,००० झाले. सर्वसाधारण हिशेब म्हणतो की एक लाखावर दोन वर्षांत १६,००० मिळाले, म्हणजे वर्षाला ८ टक्के. पण दुसरे ५०,००० एकच वर्ष कामाला होते. तारखांसह मांडल्यास परतावा वार्षिक १०.४ टक्के निघतो. लाभांश वगळून फक्त भाव पाहिला तर तोच ६.५ टक्के दिसतो. ब्रोकरची बरीच ॲप नफा-तोट्याच्या रकान्यात लाभांश धरत नाहीत, त्यामुळे त्या पडद्यावर चढ्या लाभांशाचा शेअर नेहमीच आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो.

तक्ता करणे अवघड नाही. एका रकान्यात तारीख आणि दुसऱ्यात रक्कम लिहावी. गुंतवलेला पैसा वजा चिन्हाने, मिळालेला लाभांश अधिक चिन्हाने आणि शेवटच्या ओळीत आजचे मूल्य मांडून एक्सेल किंवा गुगल शीट्समधील एक्सआयआरआर हे सूत्र लावावे. लाभांशातूनच नवे शेअर घेतले असतील तर ती रक्कम एकदा अधिक आणि एकदा वजा अशी दोन्हीकडे यायला हवी.

आलेल्या आकड्याची तुलना कशाशी करायची, हे तितकेच महत्त्वाचे आहे. बातम्यांतला निफ्टी ५० हा केवळ भावांचा निर्देशांक आहे. लाभांश धरलेला निर्देशांक निफ्टी ५० टीआरआय हा आहे, आणि दोन्हींत वर्षाला साधारण सव्वा टक्क्याच्या आसपास फरक पडतो. म्युच्युअल फंडांना सेबी या बाजार नियामक संस्थेने फेब्रुवारी २०१८ पासून टीआरआयशीच तुलना बंधनकारक केली. स्वतःच्या शेअरांसाठी आपण त्याहून सोपी परीक्षा का लावावी?

कर आणि तारखा

एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या टप्प्यानुसार त्यावर कर लागतो. २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांहून जास्त लाभांश असेल तर १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो. करपात्र उत्पन्न नसणाऱ्यांना स्वयंघोषणा देऊन ही कपात टाळता येते. वर्षभराहून अधिक काळ ठेवलेला शेअर विकल्यावरच्या नफ्याला मात्र सव्वा लाखापर्यंत सूट आणि पुढे साडेबारा टक्के दर आहे. म्हणून ३० टक्क्यांच्या टप्प्यातील जळगावच्या व्यापाऱ्याचे ६ टक्के यील्ड हाती येताना सव्वाचारच्याही खाली जाते, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पेन्शनरला ते पूर्ण मिळू शकते. एकच शेअर या दोघांसाठी सारखा असूच शकत नाही.

केवळ लाभांशासाठी रेकॉर्ड डेटच्या (ज्या तारखेच्या नोंदीनुसार लाभांश कोणाला द्यायचा ते ठरते) आदल्या दिवशी खरेदी करण्याची सवयही सोडावी. त्या तारखेला भाव साधारणपणे लाभांशाइतका उतरतो आणि हाती आलेल्या रकमेवर कर लागतो.

कोणासाठी काय

ज्यांचा घरखर्च या उत्पन्नावर अवलंबून आहे, त्यांनी तो खर्च बँक ठेव आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून भागवावा आणि चढ्या यील्डचे शेअर त्यावरची भर म्हणून, चार-पाच वेगवेगळ्या उद्योगांत विभागून घ्यावेत. लाभांश निम्म्यावर आला तरी स्वयंपाकघर चालू राहील इतकेच त्यांचे प्रमाण असावे. ज्यांना दहा-पंधरा वर्षे पैसा लागणार नाही, त्या शेतकरी आणि व्यापारी कुटुंबांनी यील्डपेक्षा नफा आणि लाभांश दोन्ही सातत्याने वाढवणाऱ्या कंपन्यांना पसंती द्यावी. आणि ज्यांना दर तिमाहीचे निकाल वाचायला वेळ नाही, त्यांच्यासाठी निफ्टीतील सर्व शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या इंडेक्स फंडाचा ग्रोथ पर्याय (ज्यात लाभांश न वाटता फंडातच राहतो) या दोन्हींपेक्षा योग्य आहे, हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे.

ज्या घरात आजोबांच्या काळातील कागदी शेअर आहेत, त्यांनी नवी खरेदी करण्याआधी त्यांचा शोध घ्यावा. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर कायद्यानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. वारसांना ते कागदपत्रे देऊन परत मागता येतात, आणि पत्ता बदललेला असेल किंवा बँक खाते जोडलेले नसेल तर या कामाची सुरुवात कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) पत्र पाठवूनच करावी लागते.