इंग्रजी व्यंजनांसाठी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता : एका शिक्षकाचा अभिप्राय

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी उच्चार शिकवण्यासाठी मी जी साधने वापरली, त्यांत आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेचा ध्वनिलिपीचा, म्हणजे भाषांतल्या उच्चारांना ठरावीक चिन्हे देणारा, तक्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली ही संघटना तो आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे श्रेय नमूद करून तो वर्गासाठी छापता येतो. मी २०२० ची आवृत्ती ए-३ कागदावर छापून घेतली.

व्यंजनांच्या मुख्य कोष्टकात उभे रकाने उच्चारस्थानाचे आणि आडव्या ओळी उच्चारण्याच्या रीतीच्या आहेत; एका चौकटीत दोन चिन्हे असतील तर डावे अघोष (स्वरतंतू न थरथरता उच्चारलेले) आणि उजवे घोष (स्वरतंतू थरथरून उच्चारलेले). ज्याने कवर्गापासून पवर्गापर्यंत वर्णमाला पाठ केली आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटते, फक्त आपण कंठाकडून ओठांकडे येतो आणि हा तक्ता ओठांकडून कंठाकडे जातो. गळ्यावर बोट ठेवून ‘फॅन’ आणि ‘व्हॅन’ यांतले पहिले व्यंजन लांबवायला सांगितले, की घोष-अघोष हा भेद मुलांना व्याख्येशिवाय कळतो.

मराठी शिक्षकाची खरी अडचण दातांच्या आसपास आहे. स्पर्श व्यंजनांच्या (हवा पूर्ण अडवून सोडलेल्या) ओळीत दंत्य, दंतमूलीय (दातांमागच्या हिरडीवरचा) आणि त्यामागचा असे तीन रकाने एकत्र करून तिथे अघोष स्पर्शासाठी एकच चिन्ह दिले आहे. आपला ‘त’ दातांना टेकतो, ‘ट’ साठी जीभ मागे वळते, आणि इंग्रजी ‘टेन’ मधले व्यंजन या दोहोंच्या मधे, वरच्या दातांमागच्या हिरडीवर उच्चारले जाते. आपल्याला जो भेद सर्वाधिक हवा, तो दाखवायला तळाशी असलेल्या उपचिन्हांकडे, म्हणजे मूळ चिन्हाला जोडायच्या छोट्या खुणांकडे, वळावे लागते. घर्षकांच्या (हवा घासत बाहेर पडणाऱ्या व्यंजनांच्या) ओळीत मात्र हे रकाने वेगळे आहेत, त्यामुळे ‘थिंक’ मधला दंत्य घर्षक आपला ‘थ’ नव्हे हे पटवता येते: ‘थ’ म्हणताना हवा आधी पूर्ण अडते, ‘थिंक’ मध्ये ती जीभ आणि दात यांच्यामधून घासत वाहत राहते.

‘चेअर’ आणि ‘जज’ यांतले स्पर्शघर्षक (हवा आधी अडून मग घासत सुटणारी व्यंजने) मुख्य कोष्टकात नाहीत, आणि ‘वेट’ मधले पहिले व्यंजन ‘इतर चिन्हे’ या भागात शोधावे लागते, तर ‘व्हेट’ मधले दंतोष्ठ्य (दात आणि ओठ यांचे) घर्षक म्हणून वर बसलेले असते. म्हणून ६ स्पर्श, २ स्पर्शघर्षक, ९ घर्षक, ३ अनुनासिक, १ पार्श्विक (‘ल’सारखे) आणि ३ अर्धस्वर (‘य’, ‘र’, ‘व’ यांसारखे) अशा इंग्रजीच्या २४ व्यंजनांचा वेगळा छोटा तक्ता मी हाताने काढून याच्या शेजारी लावला आहे.