घरगुती ब्रीडरकडून घेतलेली लॅब्रॅडॉर : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमची लॅब्रॅडॉर मादी आता वर्षाची झाली आहे. ती आठ आठवड्यांची झाल्यावर, जानेवारीच्या सुरुवातीला, घरीच कुत्र्यांची पैदास करणाऱ्या धुळ्यातील एका दांपत्याकडून आम्ही तिला अमळनेरला आणले. त्यांच्या घरी दोनच माद्या आहेत आणि वर्षाकाठी फार तर एक-दोन वेते होतात, त्यामुळे नाव नोंदवल्यानंतर आम्हाला बरेच महिने थांबावे लागले. किंमत अठरा हजार रुपये पडली. मागितल्याबरोबर हातात मिळणारी पिल्ले आमच्या भागात याच्या निम्म्या किमतीतही मिळतात, म्हणून वरचे पैसे नेमके कशाचे, हे वापरानंतर लिहावेसे वाटले.

पहिल्या भेटीत प्रश्न आम्ही कमी आणि त्यांनीच जास्त विचारले. दिवसभर घरी कोण असते, घर स्वतःचे की भाड्याचे, लग्नसराईत सगळे बाहेरगावी गेले तर कुत्री कोणाकडे राहील, अशी चौकशी झाल्यावर त्या घरच्या ताईंनी स्पष्ट सांगितले, "नाना, गच्चीवर साखळीला बांधून ठेवायची असेल तर आत्ताच सांगा, मी पिल्लू देणार नाही." विक्रेता गिऱ्हाइकाला नकार देण्याच्या तयारीत बसला आहे, हा प्रकार मला तेव्हा थोडा खटकला होता, पण आता तीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. लेखी अटीही होत्या: काही कारणाने कुत्री सांभाळणे अशक्य झाले तर ती इतर कोणाला न देता त्यांच्याकडेच परत करायची, आणि दीड वर्षाच्या आत तिच्यापासून पिल्ले घ्यायची नाहीत.

दीड वर्षाची अट त्यांच्या मनची नाही. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधी केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार मादी किमान 18 महिन्यांची असावी लागते, आयुष्यात तिची पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीची प्रत त्यांनी न मागता दाखवली. असा कागद मागितल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, असे माझे मत आहे.

पिल्ले त्यांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत वाढवली होती. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, शेजारची लहान मुले, हे सगळे त्यांच्या कानांवर आणि डोळ्यांवर पहिल्या महिन्यापासूनच पडत होते. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे अनुभवते त्याची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही, आणि या काळाचा मोठा भाग पिल्लू आपल्याकडे येण्याआधीच संपलेला असतो. आमच्या गल्लीतून उन्हाळ्यात बँड आणि डीजे लावून वराती गेल्या, नुकतीच दिवाळीही झाली. आमची कुत्री कान टवकारून पाहते आणि पुन्हा झोपते. भावंडांत आठ आठवडे राहिल्यामुळे दात किती जोरात लावायचे, हेही ती तिथेच शिकून आली होती. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिल्लू शेजारी वाढत असल्यामुळे हा फरक आम्हाला रोज दिसतो.

त्या घरात शिरताना चपला फाटकाबाहेर काढून पाय धुवावे लागत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू चपलांना चिकटून येतो, जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलने मरत नाही. त्यासाठी ब्लीचिंगचे द्रावण लागते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असताना आणि लसीचा परिणाम पुरता झालेला नसताना पिल्लू सर्वांत नाजूक असते, म्हणून एका लसीवर भागत नाही. आमच्या पिल्लाला पहिली एकत्रित लस व जंतनाशकाचे डोस तिथेच मिळाले होते. पुढच्या लसी आम्ही सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने दिल्या आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. तोवर तिला रस्त्यावर उतरवले नाही, मात्र कडेवर घेऊन बाजारापर्यंत रोज फिरवले. ही सूचनाही ताईंचीच.

खरी कसोटी उन्हाळ्याची होती. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि लॅब्रॅडॉर मूळची थंड प्रदेशातली, दुपदरी केसांची जात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते शरीर थंड ठेवते. फिरणे सकाळी सहाच्या आत आणि रात्री उशिरा. तळहाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद टेकवता येत नसेल तर बाहेर नेणेच नाही. आपल्याकडची कोरडी हवा कूलरला मानवते, त्यामुळे दुपार तिने कूलरसमोर काढली. केस भादरून टाका, असे अनेकांनी सुचवले. ब्रीडरने फोनवर ठाम विरोध केला, कारण तो थर उन्हापासूनही बचाव करतो. जेथे दुपारभर वीज नसते अशा घराने ही जात घेऊ नये, असे मला वाटते. पावसाळा गोचीड आणि कानांची साफसफाई यांत गेला.

खाण्याबाबत त्यांचा आग्रह पहिल्यांदा विचित्र वाटला. मोठ्या जातीच्या पिल्लांना वाढीच्या वयात जादा कॅल्शियम दिल्यास हाडांची वाढ बिघडू शकते, म्हणून समतोल तयार खाद्य चालू असताना कॅल्शियमचे सिरप अजिबात नको, असे त्यांनी कार्डावर लिहून दिले होते. आमच्या भागात तर पिल्लू घरी आले की आधी तीच बाटली आणतात. शेवभाजी आणि भरीत यांतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतो, हे पाहुण्यांना पटवताना माझी दमछाक झाली. शिवाय या जातीची भूक भागतच नाही. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकातला बदल दाखवून दिला होता. आमची त्यांतलीच असावी. वजन सध्या 28 किलो आहे आणि ते मापून घातलेल्या खाण्यामुळेच आटोक्यात आहे.

उणिवाही आहेत. पिल्लांची आई आम्ही पाहिली, हाताळली. नर मात्र नाशिकचा होता आणि त्याचे फक्त फोटो व कागद दाखवले. आईच्या खुब्यांचा एक्स-रे काढलेला होता, नराचा नव्हता, आणि खुब्याचा दोष या जातीत आनुवंशिक असल्यामुळे ही मोठीच त्रुटी आहे. केनेल क्लबचे कागद बऱ्याच उशिरा आले. अर्थात ते कागद वंशावळ सांगतात, प्रकृती सांगत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी फारसा अडून बसलो नाही. केस वर्षभर आणि घरभर गळतात, याची कल्पना मात्र आधी जरा मोठ्या आवाजात द्यायला हवी होती.

नसबंदीविषयी त्यांच्याशी आणि आमच्या पशुवैद्यकांशी बोलणे चालू आहे. मोठ्या जातीत सांधे पक्के होईपर्यंत थांबावे, असा दोघांचाही कल आहे. खुब्यांचा निर्णायक एक्स-रे ती दोन वर्षांची झाल्यावर काढायचा आहे, तोवर जिन्यावरून धावणे बंद ठेवले आहे. निकाल वाईट आला तर उपचाराच्या खर्चातला काही भाग देण्याचे लेखी आश्वासन ब्रीडरने दिले आहे, आणि एक्स-रेची प्रत मिळाल्यावर नराच्या मालकालाही ती पाठवणार असल्याचे त्यांनी कळवले आहे.