बिअर, वाइन की व्हिस्की? लघवीवरचा ताबा सुटत असेल तर काय कमी करावं

पाळी गेल्यानंतर लघवीची तक्रार सुरू झाली की बऱ्याच जणी व्हिस्की सोडून बिअरवर येतात, कारण ती ‘हलकी’ वाटते. मूत्राशयाच्या दृष्टीने हा बदल बहुतेकदा उलटा पडतो.

650 मिलीच्या साध्या, 5 टक्क्यांच्या बाटलीत सुमारे 26 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 8 टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर 41 ग्रॅम, म्हणजे व्हिस्कीचे चार छोटे पेग. वर साडेसहाशे मिली द्रव पोटात जातो, तो वेगळाच. मेंदूतलं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. दारू तेच दाबते, म्हणून मूत्राशय भराभर भरतं. झोप जड लागल्याने जाग उशिरा येते, मग घाईत, झोकांड्या खात उठावं लागतं. साठीनंतर अशाच वेळी पडून खुबा मोडतो.

150 मिली वाइनमध्ये साधारण 14 ग्रॅम अल्कोहोल असतं, द्रवही बेताचा. 30 मिली व्हिस्कीत 10 ग्रॅम. पण तिच्यात काय मिसळता ते बघा. कोलामध्ये कॅफीन असतं आणि घाईची लघवी असणाऱ्या बऱ्याच जणींना ते सोसत नाही. काहींना सोड्यानेही त्रास होतो. घ्यायचीच असेल तर छोटा पेग साध्या पाण्यातून किंवा वाइनचा एक ग्लास, तोही झोपण्याआधी तीन तास संपलेला. बिअर आधी सुटावी.

तरी खरा निर्णय तक्रार कोणती आहे त्यावर ठरतो. कळ आली की थांबवत नाही, बाथरूमच्या दारातच कपडे ओले होतात, रात्री तीन-चारदा उठावं लागतं: अशांनी दोन आठवडे दारू पूर्ण बंद ठेवून पाहावं. आधी तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता काय प्यायलं, मापाच्या मगात लघवी किती झाली, केव्हा गळली. त्यातला एक दिवस दारू घेतलेला हवा. बंद केल्यावर पुन्हा तीन दिवस लिहिलं की फरक आकड्यांत दिसतो.

खोकताना, शिंकताना, बादली उचलताना थेंब गळत असतील तर नुसती दारू सोडून फारसं हाती लागत नाही. तिथे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम लागतो. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, जमेल तसं वाढवत 8 ते 10 सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. असं 8 ते 10 वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बहुतेकींचं चुकतं ते श्वास कोंडण्यात, नितंब आवळण्यात किंवा खाली जोर देण्यात. दोन्ही तक्रारी असतील तर दोन्ही उपाय एकदमच सुरू करा.

पाणी मात्र तोडू नका. दाट लघवीने जळजळ होते, बद्धकोष्ठाने गळती वाढते.

रोज भरपूर पिणाऱ्यांनी एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात. आधी डॉक्टरांशी बोला. झोपेची गोळी किंवा ऑक्सिब्युटिनिन (घाईच्या लघवीवरचं औषध) चालू असेल तर दारूने गुंगी वाढते, तेही सांगा. लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडली तर दोन आठवड्यांचा प्रयोग बाजूला ठेवून लगेच तपासून घ्या.