गच्चीवरचं ग्रीनहाऊस किट, ग्वाल्हेरच्या थंडीत कितपत कामाचं

पाचपैकी साडेतीन स्टार. ग्वाल्हेरात हे किट घ्यावं का, तर हो, घ्यावं, पण जाहिरातीत दाखवतात त्या आशेने घेऊ नका. बाहेर बर्फ आणि आत लालभडक टोमॅटो लटकलेत असा फोटो असतो, तसं जानेवारीत काही होणार नाही. उन्हाळी भाज्यांची रोपं महिनाभर आधी तयार करायला मात्र फार म्हणजे फारच उपयोगी आहे, आणि आपल्या इकडे खरी गरज तीच आहे.

कारण आपल्याकडे थंडी आणि उन्हाळा यांच्या मध्ये काही उरतच नाही हो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ४-५ वर, कधी त्याच्याही खाली, दुपारपर्यंत धुकं, आणि एप्रिल उजाडला की ४० कडे धाव, मे मध्ये ४५ आणि लू, म्हणजे भाजून काढणारे गरम वारे. टोमॅटो, काकडी, दोडका, दुधी यांना हवं तसं मधलं हवामान फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात एवढंच मिळतं. नर्सरीतून मार्चमध्ये रोपं आणून लावली तर झाड अंगाने भरेपर्यंत लू सुरू, टोमॅटोचे तर ३५ अंशांच्या वर परागकणच निकामी व्हायला लागतात, फुलं येतात आणि गळून जातात, आणि आपण म्हणतो बी खराब निघालं.

आता किटबद्दल. साडेचार फूट बाय साडेचार फूट, उंची साडेसहा फूट, आत नीट उभं राहता येतं, दोन्ही बाजूंना जाळीचे रॅक, पातळ पाइप, प्लास्टिकचे जॉइंट, वरून हिरवट जाळीदार प्लास्टिकचं कव्हर आणि पुढे चेनचा गुंडाळता येणारा दरवाजा. मला साडेपाच हजाराच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाचं किट वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं आणि फोटोत तरी माल तोच दिसतो.

जोडायला सोपं आहे, दोघं असलात तर एका दुपारचं काम. पण सोबत येणारे खुंटे मातीत ठोकायचे असतात, गच्चीवर त्यांचा काय उपयोग? आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या घरांना कठडे मजबूत असतात, त्याला चारही पाय नायलॉन दोरीने बांधले आणि खालच्या रॅकवर विटा ठेवल्या, तेव्हा कुठे वाऱ्यात हललं नाही. प्लास्टिकचे जॉइंट हा या किटचा सगळ्यात कच्चा भाग, दोन तर पहिल्याच हिवाळ्यात तडकले, मग लोहिया बाजारातून लोखंडी क्लॅम्प आणून बसवले. दरवाजाची चेनही महिन्याभरात अडकायला लागली, कस्टमर केअरला फोटो पाठवले, उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. मेणबत्ती घासून चालवतेय.

कव्हरचा रंग ही दुसरी तक्रार. हिवाळ्यात सूर्य आधीच खाली, त्यात धुकं, त्यात हे हिरवं प्लास्टिक, रोपं उजेडासाठी मान लांब करून वेडीवाकडी वाढायला लागली. मग शेतीच्या दुकानातून पॉलीहाऊसचा २०० मायक्रॉनचा यूव्हीवाला पारदर्शक पेपर आणला आणि त्याच सांगाड्यावर चढवला, तेव्हापासून रोपं बुटकी आणि जाड होतायत, जशी हवीत तशी. साधं पॅकिंगचं प्लास्टिक आणू नका, आपल्या उन्हात त्याचे पापड होतात.

आता मुख्य मुद्दा, रात्रीचा. लोकांना वाटतं ग्रीनहाऊस म्हणजे आत गरम. दिवसा हो, उन्हं पडली की बाहेर बावीस असताना आत सहज पस्तीस-चाळीस होतं, दहाच्या सुमारास दरवाजा उघडलाच पाहिजे नाहीतर रोपं उकडून निघतात. पण ही एवढीशी हवा, एक पातळ पडदा, सूर्य मावळल्यावर तासा-दोन तासांत सगळी ऊब गायब. नुसतं किट रात्री दोन-तीन अंशांचाच फरक देतं, आणि आकाश एकदम निरभ्र, वारा बंद अशी रात्र असेल तर तेवढाही नाही, कारण साध्या पॉलिथीनमधून उष्णता आरपार आकाशात निघून जाते. गव्हाच्या शेतावर दव गोठून पांढरं दिसतं ना, त्या रात्री याच.

यावर उपाय म्हणजे पाणी. मी २० लिटरचे दहा कॅन बाहेरून काळे रंगवून, पाण्याने भरून उत्तरेच्या बाजूला एकावर एक लावलेत. दिवसभर ते ऊन पितात आणि रात्री हळूहळू सोडतात. साधा हिशोब आहे, २०० लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना जवळजवळ सव्वादोन युनिट विजेएवढी उष्णता बाहेर टाकतं, फुकटात. वरून रात्री जुनी सतरंजी टाकते, सकाळी ऊन आलं की काढते. असं केल्यावर बाहेर ४ असताना आत ८-९ राहतं, माझ्याकडे कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर टांगलेला आहे, त्यावर रोज बघते. संध्याकाळी चारलाच दरवाजा बंद करायचा, ऊन असेपर्यंत, पाच-साडेपाचला केलात तर तोपर्यंत ऊब गेलेली असते. एकच सांगते, एकच मोठा २०० लिटरचा ड्रम गच्चीच्या मधोमध ठेवू नका, दोनशे किलो वजन आहे, आपल्या जुन्या घरांच्या दगडी पट्ट्यांच्या छतावर तर नकोच, खाली भिंत असेल त्या बाजूलाच ठेवा आणि कॅनमध्ये वाटून ठेवा.

लडाखमध्ये हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरतात. तिथे हिवाळ्यात उणे वीसपर्यंत जातं, तरी लोक पालक, मेथी, कोथिंबीर घेतात, शेगडी न पेटवता. ग्रीनहाऊस पूर्व-पश्चिम लांब, उत्तरेला जाडजूड मातीच्या विटांची भिंत आणि प्लास्टिक फक्त दक्षिणेकडे, भिंत दिवसा तापते आणि रात्री देत राहते. लेहला डीआरडीओची डिहार नावाची संस्था आहे, त्यांनी जमिनीत चर खणून वर पॉलिथीन टाकायचा प्रकारही लोकांपर्यंत नेलाय, कारण मातीच्या पोटात ऊब टिकते. ती जागा बघितली की कळतं, राखायचं काम भिंत, माती, पाणी यांचं, प्लास्टिक फक्त ऊन आत घेतं आणि वारा अडवतं. आपल्या किटच्या खोक्यावर याबद्दल एक ओळ नाही, ही मला खरंच चीड येण्यासारखी गोष्ट वाटते, कारण लोक पैसे घालतात, रोपं मरतात आणि मग किट गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहतं.

आत काय ठेवायचं? पालक, मेथी, मटार, मुळा, कोबी अजिबात नको, त्यांना आपली थंडी आवडते, बाहेर मजेत असतात. जागा द्यायची ती कढीपत्त्याला, तुळशीला आणि अळूला. तुळस तर इकडे दरवर्षी जानेवारीत करपते, घरोघरी लोक जुनी ओढणी पांघरतात, माझी या वेळी आत हिरवीगार राहिली, सासूबाई रोज सकाळी आधी तिला बघायला वर येतात. अळूची पानं लहान आली पण आली, हिवाळ्यात घरच्या पानांची अळूवडी झाली.

आणि मग संक्रांत झाली की मिरची, वांगी, टोमॅटो आणि थोड्या दिवसांनी काकडी-दोडक्याचं बी. मिरचीच्या बीला पंचवीस अंशांच्या वर ऊब लागते, म्हणून प्रो-ट्रे (रोपांसाठीचा छोट्या खणांचा ट्रे) आधी स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवायचा, कोंब दिसला की लगेच ग्रीनहाऊसमध्ये, उशीर केला तर दांडे पांढरे पडतात. काकडीचं बी सरळ पिशवीत लावा, तिला मुळं हलवलेली खपत नाहीत. पाणी सकाळीच आणि कमी, कारण धुक्याच्या दिवसांत आतून प्लास्टिकवरून पाणी ठिबकत असतं आणि रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात, एक गेलं की शेजारची जातात. धुकं असलं तरी दुपारी अर्धा तास दरवाजा उघडाच.

फेब्रुवारीच्या शेवटी मी चार-पाच पानांची तयार रोपं कुंड्यांत लावली आणि मार्च संपता संपता काकडी हातात होती. शेजारच्या काकूंच्या वेलीला तेव्हा नुसती पानं, आता त्यांनाही पुढच्या वर्षीची रोपं माझ्याकडूनच हवीयेत. टोमॅटोही लू सुरू व्हायच्या आत बराचसा उतरला.

होळीच्या सुमारास प्लास्टिक उतरवायचं, धुवून सावलीत गुंडाळून ठेवायचं आणि त्याच सांगाड्यावर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, चढवायची, म्हणजे उन्हाळ्यातही सांगाडा कामाला येतो.

वेल्डर ओळखीचा असेल तर किट घेऊच नका, एक इंची जीआय पाइपचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा) सांगाडा करून घ्या, थोडे जास्त पैसे लागतील पण वर्षानुवर्षं टिकेल. आणि ज्यांच्याकडे अंगणात जमीन आहे त्यांना तर याचीही गरज नाही, वाफ्यावर जाड तारेच्या कमानी खोचा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीने दाबा, दुपारी एक बाजू उचला, काकडी-दुधीला तेवढं पुरतं. किटच घ्यायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये मागवा, म्हणजे जॉइंट तुटके निघाले तर थंडी पडायच्या आत बदलून मिळतील.