फिरकीचा मॉप: पुरुमेतापासून (पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांपासून) दिवाळीपर्यंत वापरल्यानंतर

लादी पुसायचा मॉप ओलाव्यापासून दूर ठेवायचा असतो, ही माहिती मला परवा कस्टमर केअरने दिली. दांड्याचं लॉक झिजलंय. लॉक करून पुसायला घेतलं की दांडा मध्येच सुटून खाली बसतो आणि पुसणं गोल गोल फिरत राहतं. एक वर्षाची वॉरंटी, म्हणून फोन केला. फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं की आतल्या सळईवर गंज दिसतोय, म्हणजे हे ओलाव्याने झालेलं नुकसान, ते वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, मग हा कोरडाच फिरवायचा होता का? तर म्हणे, "मॅडम, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." अजून नोंदवूनच ठेवली आहे. १,४९९ रुपये मोजलेत हो!

बादली, पुसणं फिरवून पिळायची स्टीलची जाळी, सोबत पुसण्याची दोन सुटी रिफिल, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. घर गोव्यात डिचोलीला, अर्धं मोझॅक, अर्धं जुनं लाल सिमेंट, आणि अंगणात चिऱ्याची माती. जूनमध्ये पाऊस लागला की ती माती प्रत्येकाच्या पायाला चिकटून बल्कांवातून (दारापुढच्या ओट्यावरून) आत येते. दोन खोल्या पुसल्या की बादलीतलं पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल.

आता मुख्य तक्रार. लॉक नव्हे. दांड्याच्या टोकाला टांगायचं भोक नाही! दीडशे रुपयांच्या सुती मॉपला असतं, फुटक्या वायपरलासुद्धा असतं, याला मात्र गुळगुळीत गोल टोपी. जुलैत आमच्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. मॉप बादलीतच उभा ठेवला तर दुसऱ्या सकाळी आंबूस वास. उलटा करून भिंतीला टेकवला की रात्री धाडकन पडतो आणि सासूबाई "कोण आलंय बघ गो" म्हणून उठतात. सुंभाचा फास केला, तो टोपीवरून निसटतो. खिळे ठोकून दोन खिळ्यांत डोकं अडकवलं, तर पाणी ओघळून भिंतीवर काळे डाग. कारखान्यात दोन मिनिटांचं काम, ते यांच्याने झालं नाही. डबा मात्र चकचकीत रंगीत.

मे महिन्यात मी दोनच तारे दिले असते, कारण ती जाळी मला निव्वळ दिखाऊ वाटली होती. हाताने पिळायला काय होतं? पण भर पावसात तिनेच मत बदलायला लावलं. जाळीत फिरवलेलं पुसणं नुसतं दमट राहतं, त्यामुळे पंखा लावला की लादी लवकर सुकते. सुती मॉप कितीही पिळा, लादीवर पाणी ठेवतोच, आणि वरून कुणीतरी घसरतं. चवथीच्या आदल्या आठवड्यात माटोळीखालची जागा (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती), देवाची खोली, स्वयंपाकघर सगळं याच्यावरच निघालं, आणि कंबर शाबूत. टांगण्याचंही शेवटी जमलं: पायाने दाबून चकतीतून रिफिल काढायचं आणि फ्रीजमागच्या दोरीला चिमट्याने लावायचं. फ्रीजच्या उबेने रात्रीत वाळतं. फक्त रिफिल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, मायक्रोफायबरची पाणी शोषायची ताकद जाते. ब्लीचही नको.

ब्लीचवरून आठवलं. पुरुमेताला मीठ, सोलं, सुकी मासळी भरतो, त्याच झपाट्यात अनेक जण साफसफाईचंही सगळं पावसाळ्याचं एकदम भरतात. सगळं भरण्यात अर्थ नाही. पातळ ब्लीच उष्णतेने आणि उजेडाने आपोआप कमजोर होत जातं. मेमधल्या बाटलीने सप्टेंबरात न्हाणीघरातली बुरशी जेमतेम फिकी झाली. महिन्यापुरतंच घ्या, बाटलीवरची तारीख बघून. ब्लीचिंग पावडरचं तर दमट हवेत ढेकूळ होतं. पांढरं फिनाईल पाच लिटरचं आणलं, ते आजही तसंच चांगलं आहे. फूलझाडू पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवला नाही तर बुरशी धरतो. हिरांचा खराटा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला, सगळा पाऊस अंगणात भिजत पडला होता, काही झालं नाही. असले दोन घेऊन ठेवा.

संडासाचं ॲसिड मोझॅकवर सांडू देऊ नका, चकाकी जाते ती पुसून परत येत नाही. आणि ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा खेळ जिवावर बेततो.

तूर्त लॉकवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली आहे, दोन खोल्यांपुरती टिकते. कंपनीकडे नवा दांडा मागितला तर तो सुटा विकत नाहीत, पूर्ण सेट घ्या म्हणतात. काल म्हापशाला एका भांड्यांच्या दुकानात विचारलं. सुटा दांडा ३५० रुपयांना आहे, याच बादलीला आणि याच रिफिलला बसतो, आणि त्याच्या टोकाला टांगायचं भोक आहे.